शनिवार कुणाचा, रविवार कुणाचा

गुरुवारची संध्याकाळ झाली की शनिवार-रविवार फार ऐसपैस दिसायला लागतात. त्यात काय काय मावेल याचा अंदाज बांधताना हात सैल सुटतो. कपाटं आवरायची, गळका नळ दुरुस्त करून घ्यायचा, मुलांबरोबर निवांत बसायचं, आठवड्याची थकलेली झोप काढायची, कुणाकडे तरी जायचं कबूल केलंय ते उरकायचं, आणि एवढं सगळं होऊनही रविवारी दुपारी पुस्तक घेऊन लोळायचं. शनिवारी उशिरा उठल्यावर पहिल्या तासाभरातच हा ऐसपैसपणा निम्मा होतो. रविवारी उन्हं कलली की घरात एक चिडचिड फिरायला लागते. कुणाचंच मनासारखं झालेलं नसतं, दोष नेमका कुणाचा ते सांगता येत नाही, म्हणून मग जो समोर येईल त्याला तो दिला जातो.

असे अंदाज चुकण्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीकडे लक्ष वेधलं: हातातल्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस आजवरचे स्वतःचे अनुभव बाजूला ठेवतो आणि सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. पुढे १९९४ मध्ये काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. समजा सगळंच बिघडलं, तर? तर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही भाबडाच निघाला. माळा आवरायला ‘तासभर’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा माळ्याच्या दारावर चिकटवून ठेवावा. आमच्या माळ्यावर गेलेला माणूस जुनी पत्रं वाचत बसतो, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्याचा शनिवार संपतो.

पण मला वाटतं, गोष्ट नुसत्या चुकलेल्या अंदाजाची नाही. सोमवार ते शुक्रवार घरात एक वाक्य सतत चालू असतं: ‘शनिवारी बघू.’ शर्टाचं बटण तुटलं, शनिवारी बघू. दाराची कडी लागत नाही, शनिवारी बघू. मुलगा काहीतरी लांबलचक सांगायला येतो, त्यालाही तेच. नवरा-बायकोत एखाद्या विषयावर नीट बोलायला हवं असतं, बुधवारी रात्री दोघांच्याही अंगात त्राण नसतं, तोही विषय शनिवारवर जातो. या वाक्याची गंमत अशी की ते बोलणाऱ्यालाही बरं वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही. नकार दिल्यासारखं होत नाही. मात्र शनिवार उजाडतो तेव्हा कडी, बटण, मुलाची गोष्ट आणि तो नाजूक विषय असे सगळे एकाच रांगेत उभे असतात, आणि रांगेत नेहमी कडीचा नंबर आधी लागतो. कडी लावली की लागते, दिसते, संपते. मुलाची गोष्ट संपली की नाही हे कुणाला कळतं?

म्हणून सुट्टीत काम, घरची माणसं आणि विश्रांती यांचा तोल साधायचा म्हणतात, तेव्हा तराजूच मुळात वाकडा असतो. काम हाका मारतं. माणसं फार तर एकदा-दोनदा विचारतात. विश्रांती काहीच म्हणत नाही. ती बिचारी सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल त्यावर भागवते, आणि उरत काहीच नाही.

हिशोब मांडून बघा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम सुटलं आणि सोमवारी सकाळी नऊला पुन्हा सुरू झालं, तर मध्ये त्रेसष्ट तास मिळतात. ऐकायला भरघोस आहे. त्यातून तीन रात्रींची झोप वजा करा, आठ तासांनी चोवीस. आंघोळी, स्वयंपाक, जेवणं, भांडी, केर, अंथरुणं घालणं-काढणं यांचे तास वजा करा. कुठेही गेलं तरी जाण्यायेण्याचा वेळ वजा करा. पंचवीस तास हाती लागले तर पुष्कळ. आणि हे झाले एका माणसाचे. घरात पाच माणसं असतील तर पाच जणांचे पंचवीस-पंचवीस तास निरनिराळ्या वेळी येतात. मुलीचा क्लास सकाळी, मुलाची मॅच दुपारी, सासूबाईंचा डोळा लागतो तेव्हा बाकीच्यांना टीव्ही लावायचा असतो. सगळे घरात, सगळे जागे आणि कुणीही घाईत नाही, असे तास शोधायला बसलं तर हाताची बोटंही जास्त होतात.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या तासांबद्दल आहे. सुट्टी किती मिळाली याला एक किंमत आहे, पण ती कुणाबरोबर मिळाली याला त्याहून मोठी. आणि हे एका अख्ख्या देशाने करून पाहिलेलं आहे.

१९२९ मध्ये सोव्हिएत संघाने आठवडा मोडीत काढला. कारखाने वर्षभर एक दिवसही बंद पडू नयेत, म्हणून पाच दिवसांचं चक्र आणलं: चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. पण पाचवा दिवस सगळ्यांचा एक नव्हता. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला, आणि रोज एका रंगाची सुट्टी. कागदावर पाहिलं तर कामगाराचा फायदाच होता. सातव्या दिवशी मिळणारी सुट्टी आता पाचव्या दिवशी मिळू लागली. पण बायकोचा रंग पिवळा आणि नवऱ्याचा हिरवा, तर दोघांची गाठ पडायची कधी? भाऊ एका रंगात, मित्र दुसऱ्या. सुट्टीच्या दिवशी माणूस घरात एकटा बसून राही. बायको कारखान्यात, मुलं शाळेत, भेटायला जावं असं कुणी मोकळं नाही. अशी सुट्टी घेऊन करायचं काय, अशा तक्रारी वर्तमानपत्रांपर्यंत पोचल्या. यंत्रं अखंड चालवण्यातही अडचणी आल्याच. १९३१ मध्ये रंगांचं प्रकरण बहुतेक ठिकाणी गुंडाळून सहा दिवसांचा आठवडा आणि सगळ्यांची एक सुट्टी अशी पद्धत आली, आणि १९४० मध्ये रविवारसह सात दिवसांचा जुना आठवडा परत आला. जास्त सुट्ट्या देऊनही लोक नाराज होते, ते काही उगाच नाही.

याचीच दुसरी बाजू क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडली. अमेरिकेतल्या लाखो लोकांच्या रोजच्या मनःस्थितीची माहिती त्यांनी तपासली. नोकरदार लोक शनिवार-रविवारी जास्त खुशीत असतात यात नवल काहीच नाही. नवल असं की ज्यांना नोकरीच नाही, तेही शनिवार-रविवारी जवळजवळ तितकेच खुलतात. वास्तविक त्यांना सोमवारीही वेळ होता आणि मंगळवारीही. पण सोमवार-मंगळवारी त्यांच्यासाठी बाकी कुणाला वेळ नव्हता. फोनचा शोध लागला तेव्हा पहिला फोन घेणाऱ्याने तो करायचा कुणाला, तसंच हे.

हे वाचल्यापासून सुट्टी आखण्याची माझी रीत उलटी झाली. पूर्वी कामं आधी लिहायची आणि उरलेल्या जागेत माणसं बसवायची अशी पद्धत होती. आता आधी सामाईक तास शोधायचे. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न: तू घरी कधी कधी नाहीस? कुणाला काय करायचंय हे विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला लागलं की मुलीचा चेहरा पडतो आणि मुलाला नवीन काहीतरी मागायचं सुचतं. घरी कधी नाहीस एवढंच. सगळ्यांच्या गैरहजेऱ्या मांडल्या की सामाईक तास आपोआप वर येतात. कधी रविवार सकाळचे दोन तास निघतात, कधी शनिवारची संध्याकाळ. ते राखायचे. त्यात मशीन लावायचं नाही, बिलं भरायची नाहीत, प्लंबरला बोलवायचं नाही. वॉशिंग मशीनला शनिवार कळत नाही, ते मंगळवारी रात्रीही तितकंच धुतं. मुलगी मात्र मंगळवारी रात्री दार लावून अभ्यासाला बसलेली असते.

कामं हलवता येतात, माणसं हलत नाहीत, एवढा साधा हिशोब आहे. पण कामांतही सगळीच हलणारी नसतात, हे कबूल करायला हवं. दुरुस्तीवाला शनिवारीच येतो म्हणतो, आणि ‘सकाळी येतो’ एवढंच सांगून अख्खी सकाळ तारण ठेवून घेतो. जी कामं खरोखरच सुट्टीत करावी लागतात ती दुपारच्या जेवणाआधी, एकाच दमात, घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची आणि संपवायची, असं आमच्याकडे ठरलं आहे. संपवायची म्हणजे झालेली नसली तरी थांबवायची. हे थांबवणं फार अवघड. निम्मं आवरलेलं कपाट उघडं टाकून जेवायला बसणं मला अजूनही जड जातं.

इथे एक मोडता घालते, कारण वर मी कामं एकीकडे आणि घरची माणसं दुसरीकडे अशी सरळ वाटणी केली आहे, आणि ती तितकी सरळ नाही. घरातली काही कामं दोन माणसांची असतात. मोठी चादर घडी करणं हे त्यातलं एक. एकट्याने केली तर हनुवटीखाली एक टोक दाबून, हात ताणून, शेवटी पलंगावर टाकून कशीबशी गुंडाळावी लागते. दोघांनी केली तर मजा येते. मुलगी तिकडची दोन टोकं धरते, मी इकडची. एक झटका देऊन सुरकुत्या मोडायच्या, मग टोकाला टोक, मग ती चार पावलं चालत माझ्याकडे येते आणि तिच्या हातातली टोकं माझ्या हातात देते, आणि खाली वाकून पडलेली घडी उचलून पुन्हा मागे जाते. प्रत्येक घडीला अंतर निम्मं होत जातं. दोघींचे डोळे चादरीवर असतात, एकमेकींवर नसतात, आणि त्यामुळे तोंडं सुटतात. ‘ती आता माझ्याशी बोलत नाही,’ असं ती दुसऱ्या चादरीच्या वेळी म्हणाली होती. कोण, का, कधीपासून, हे मी विचारलं नाही. तिसरी चादर उचलली. तिसऱ्या चादरीत सगळं कळलं. समोरासमोर बसवून ‘काय झालंय, सांग बरं’ म्हटलं असतं तर ‘काही नाही गं आई’ याच्यापुढे गाडी गेली नसती.

तेव्हा कामं वाटताना मी आता बघते की कुठलं काम दोघांचं आहे. चादरी, पुस्तकांच्या फळ्या, कुंड्या हलवणं, जुने कपडे निवडणं, ही माणसांबरोबर करायची कामं. बिलं, कागदपत्रं, ऑनलाइन फॉर्म हे एकट्याने कोपऱ्यात बसून उरकायचं. मुलाला ‘मदतीला’ घेऊन फॉर्म भरणं हा दोघांचाही छळ आहे. मात्र हे सूत्र फार ताणायचं नाही. सगळी कामं मिळून-मिसळून, हसत-खेळत होतात असं ज्यांच्या घरात आहे त्यांचं अभिनंदन. आमच्याकडे भांडी घासण्याची पाळी कुणाची यावरून अजून आवाज चढतात.

आता जरा अडचणीच्या मुद्द्याकडे. हे सगळं आखतं कोण?

आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी मागण्याचा इतिहास नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी सुरू होतो. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून १८८४ मध्ये त्यांनी ज्या मागण्या मांडल्या त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती. मिळायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरवलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोन स्त्रियांचा मला नेहमी विचार येतो. दहा हजारांपुढे उभं राहून त्यांनी सुट्टी मागितली आणि ती मिळालीही. पण गिरणीचा भोंगा रविवारी वाजला नाही म्हणून घरातली चूल थोडीच बंद राहिली असेल! गिरणीतून सुटका झाली, तो वेळ घराने घेतला असणार. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर, २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच जेमतेम चारातलं एक.

आणि या मिनिटांत एक काम बहुधा मोजलंच जात नाही, ते म्हणजे लक्षात ठेवण्याचं. मुलाच्या मॅचला पांढरे मोजे लागतात. सासूबाईंच्या गोळ्या सोमवारी संपतात. मुलीच्या क्लासची वेळ या आठवड्यात बदलली आहे. नवरा ही सगळी कामं करतो, न कुरकुरता करतो, पण ‘काय करायचंय ते सांग’ असं म्हणून. सांगणं हेच तर काम आहे! त्यामुळे सुट्टीचं छानसं नियोजन करायला निघालेल्या बाईच्या डोक्यात सुट्टीच्या दोन्ही दिवशी एक कारकून बसलेला असतो. बाकीचे आराम करत असतात तेव्हा तो पुढच्या रकान्यात काय आहे ते बघतो.

यावर एक उपाय मला उपयोगी पडला, तो म्हणजे कागद. घराच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम मनात सारखं डोकावतं, दुसऱ्या गोष्टीत लक्ष लागू देत नाही. पण ते काम पुरं करायची गरज नसते, ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी मनाचा टोचणारा काटा निघतो. हे अगदी पटण्यासारखं आहे. ‘गोळ्या आणायच्यात’ हे डोक्यात फिरत राहतं. ‘गोळ्या, रविवारी सकाळी क्लासहून येताना’ असं लिहिलं आणि पुढे नाव घातलं की सुटतं. मात्र ते नाव ज्याचं, त्यानेच ते लिहायचं, हा आमचा नियम. मी इतरांची नावं घालायची नाहीत. सुरुवातीला कागद अर्धा रिकामा राही आणि मला हात शिवशिवत. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, राहू दे ना. मोजे नाही मिळाले तर मळके घालून जाईल.’ गेलाही. पुढच्या वेळी मोजे शुक्रवारीच कागदावर आले, त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात.

विश्रांतीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण ती म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे असं सगळे धरून चालतात. झोप, हे पहिलं उत्तर. ते खरंच आहे, पण पूर्ण नाही. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ अशी कल्पना मांडली. कामाच्या दिवशी घड्याळाच्या धाकाने लवकर उठायचं आणि सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास उशिरा, म्हणजे शरीराला दर शुक्रवारी एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन सोमवारी परत आणण्यासारखं. सोमवारी सकाळी डोकं जड असतं त्यात या प्रवासाचा हात असतो. थकलेली झोप सगळी रविवारी दुपारपर्यंत लोळून वसूल करण्यापेक्षा शुक्रवारी रात्री तासभर आधी अंथरुणाला पाठ टेकलेली बरी. अर्थात हे शुक्रवारी रात्री पटत नाही. शुक्रवारची रात्र हीच तर आठवड्यातली एकमेव वेळ, जिच्यापुढे दोन दिवस पसरलेले असतात. ती झोपेत घालवायला माझं मनही तयार होत नाही.

दुसरं म्हणजे विश्रांती प्रत्येकाची वेगळी. सबिने झोननटाग आणि शार्लोट फ्रित्स यांनी २००७ मध्ये कामाचा शीण कशाने जातो याचे चार धागे वेगळे करून दाखवले: कामातून मन पूर्ण बाहेर काढणं, शरीर सैल सोडणं, काहीतरी नवं आत्मसात करणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. हे चार धागे हाती आल्यावर आमच्या घरातल्या एका जुन्या वादाचा उलगडा झाला. नवरा सुट्टीत बंद पडलेले रेडिओ उघडून बसतो. टेबलभर स्क्रू, वायरी, जळकट वास. ‘आराम कर की जरा,’ असं मी म्हणायची, आणि तो म्हणायचा, ‘मग हे काय करतोय!’ तो खरंच आराम करत होता. मला आराम म्हणजे हातात काही नसणं. त्याला आराम म्हणजे ज्याचा जाब कुणी विचारणार नाही असं काहीतरी हातात असणं. सासूबाईंना आराम म्हणजे घरात माणसांचा आवाज असणं, त्यात स्वतः भाग घ्यायची गरज नसली तरी. मुलांचं विचारू नका, त्यांचा फोन हाच त्यांचा आराम अशी त्यांची समजूत आहे. माझं म्हणणं असं की फोनमध्ये शरीर सैल पडतं, पण पहिला आणि तिसरा धागा काही हाती लागत नाही. पण हे त्यांना सांगायला जाणं म्हणजे त्यांचा वेळ त्यांच्या ताब्यातून काढून घेणं, त्यामुळे चौथाही धागा तुटतो. मी हल्ली गप्प बसते.

आता एवढं सगळं मांडल्यावर कुणाला वाटेल, हिने शनिवार-रविवारचंही ऑफिस करून ठेवलंय. ही भीती रास्त आहे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकॉक यांनी २०१६ मध्ये तेरा अभ्यासांतून दाखवलं की मौजेच्या गोष्टीलाही नेमकी वेळ ठरवून दिली की ती कामासारखी वाटू लागते आणि तिची गोडी कमी होते. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसांत फुकट कॉफी आणि बिस्किटं होती. काहींनी अमुक वाजताची वेळ ठरवून घेतली, काहींना दोन तासांच्या आत कधीही यायला सांगितलं. कॉफी तीच, पण दुसऱ्यांना ती जास्त आवडली. म्हणजे ठरवण्याने बिघडत नाही, घड्याळ लावल्याने बिघडतं.

आमच्या घरात याचा पुरावा संशोधनाच्या आधीपासून होता. एका शनिवारी नवऱ्याने बाहेर जायचा कार्यक्रम तासातासाने आखला होता. कुठे किती वाजता पोचायचं, तिथे किती थांबायचं, पुढे कुठे. मुलगा दर थोड्या वेळाने विचारत होता, ‘हे झाल्यावर काय आहे?’ पाण्याच्या काठावर बसलेलो असताना विचारत होता. त्याला पाणी दिसतच नव्हतं, त्याला पुढचा रकाना दिसत होता. तेव्हापासून सामाईक तासांना आम्ही घड्याळ लावत नाही. ‘उन्हं उतरल्यावर’ एवढंच म्हणतो. उन्हं उतरली की नाही यावर घरात दोन मतं पडतात, त्यात अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तासही बरा जातो. कामांना मात्र घड्याळ लावायचं, आणि कडक लावायचं. नाहीतर कामं चिवट पाहुण्यासारखी बसून राहतात.

राहता राहिले ते लोक, ज्यांच्या वाट्याला शनिवार-रविवार येतच नाहीत. माझी नणंद नर्स आहे. तिची साप्ताहिक सुट्टी फिरती, कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. तिच्याकडे बघितलं की सोव्हिएत संघातले ते पाच रंग काही संपलेले नाहीत हे कळतं. पोलीस, ड्रायव्हर, दुकानांतली, हॉटेलांतली माणसं, वीज दुरुस्त करणारे, अशा कितीतरी जणांच्या कामाच्या दिवसावर बाकीच्यांची सुट्टी उभी असते. आमच्या प्लंबरचा शनिवार कुणाबरोबर जातो हे मी त्याची वाट बघत चरफडत असताना कधी विचारलेलं नाही. नणंद एकदा हसत म्हणाली, ‘वहिनी, माझ्या सुट्टीला घरातलं मांजरसुद्धा कामावर असतं.’ कुणालाच मोकळीक नसलेल्या दिवशी ती मोकळी. कपडे धुते, झोपते, उठते, आणि सगळे घरी यायच्या वेळेला हिची रात्रपाळी.

तिच्यासह सगळ्यांनी जमायची आमची एक रविवारची बैठक असे, ती तिच्यासाठी आम्ही अलीकडे सोडून दिली. रविवार ठरलेला होता तोवर ती महिनोन् महिने नसायची आणि ‘तिला काय जमतंय’ असं सगळे सहज म्हणून जायचे. आता तिचं ड्युटीचं वेळापत्रक आलं की ती ते आधी पाठवते आणि आमचा कागद त्याच्याभोवती आखला जातो. मुलं कुरकुरली. मधल्या वारी रात्री कुणी येणार म्हटल्यावर अभ्यासाचं काय, असा अचानक साक्षात्कार त्यांना झाला. या आठवड्यात तिची सुट्टी बुधवारी आहे. रात्री आठ ते दहा एवढीच वेळ सगळ्यांची जुळते आहे, ती धरली आहे. त्या बदल्यात शनिवारची सकाळ मोकळी झाली. तिच्यावर आत्ताच कागदावर तीन जणांनी आपापली नावं घातली आहेत आणि तिघांनाही गाडी हवी आहे.